चालणारा फोन

अंधेरीच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात मी कव्हर घ्यायला गेलो होतो. तेवढ्यात फुलाफुलांचा फ्रॉक घातलेल्या एक म्हाताऱ्या बाई आल्या. रुमालात गुंडाळलेला फोन त्यांनी काउंटरवर ठेवला.

"व्हिडिओ कॉलचं ॲप यात चालतं का, बघ ना. फोन जुना झालाय."

"आंटी, मागच्या आठवड्यातच बघितलं. चालतंय."

"मग कॅनडातला माझा मुलगा फोन उचलत कसा नाही? नीट बघ रे."

दुकानदाराने माझा नंबर मागून त्यांच्या फोनवरून कॉल लावला. मी उचलला. हातभर अंतरावर उभ्या असलेल्या बाई मला स्क्रीनवर दिसल्या. त्यांनी घाईघाईने केस सारखे केले आणि माझ्याकडे नाही, फोनकडे बघत विचारलं, "जेवलास का?"

"हो," मी म्हणालो.

"बघा, झकास चालतंय," दुकानदार म्हणाला.

बाईंचा चेहरा उतरला. फोन पुन्हा रुमालात गुंडाळत त्या पुटपुटल्या, "बिघडलेला असता तर बरं झालं असतं."

नंतर एका रविवारी दुपारी त्याच नंबरवरून व्हिडिओ कॉल आला. मी घरी एकटाच होतो, हाताशी कामही नव्हतं. अनोळखी बाईंशी काय बोलायचं, असं वाटून मी फोन वाजू दिला. पुढेही कधी उलट फोन केला नाही. त्यांचं नावसुद्धा मला माहीत नाही.

त्यांनी बहुतेक तेवढंच विचारलं असतं. आणि त्या दिवशी मी जेवलो नव्हतो.