पाटीवर ओतलेलं पाणी

शिपायानं तांब्या उपडा केला आणि ठकीची पाटी धुऊन निघाली.

आमच्या डोळ्यांदेखत. पायरीवर ठेवलेल्या त्या पाटीवर पोरीनं इंग्रजीत पाच वाक्यं लिहिली होती. हेडमास्तरांनी आतून सांगितलेली, तिनं बाहेर उन्हात बसून ऐकलेली. आमच्या हातची पाटी आत न्यायची तर तिच्यावर आधी पाणी शिंपडायचं, अशी तिथली रीत. रीत मला ठाऊक होती. एरवी चार थेंब टाकत. त्या दिवशी शिपायानं सगळा तांब्या ओतला. मग पाटी आत गेली. हेडमास्तरांनी ती उलटीसुलटी करून पाहिली आणि खुर्चीतूनच म्हणाले, "पाटी कोरी आहे. हिला काही येत नाही. पुढच्या वर्षी या."

नाशकातली शाळा. सरकारचा हुकूम होता म्हणून आमच्या पोरांना परीक्षेला बसू देत, तेही बाहेर. इंग्रजी पहिलीत नाव घालायचं तर ही परीक्षा. ठकी माझी भाची, दहा वर्षांची. बाप नाही तिला. बहीण पंचवटीत बाजार झाडते. पोरीच्या हातात झाडू येऊ नये, एवढंच आमचं म्हणणं होतं.

मी देवळालीच्या छावणीत एका गोऱ्या साहेबाची भांडी घासायचो. इंग्रजी तिथंच उचललं. जॅमचे डबे, बिस्किटांची खोकी, साहेबानं टाकलेले पेपर. अडलं की खानसाम्याला विचारायचं. तेच घरी येऊन ठकीला. डब्यावरच्या एकेका शब्दावर बोट ठेवून वाचायचं, मग तो मातीत काढायचा. वर्षभरात पोरगी पेपरातली ओळ सलग वाचायला लागली. मी अडखळायचो तिथं ही बया सरळ पुढं जायची, वर मलाच हसायची. वस्तीतली आणखी पोरं येऊन बसायला लागली.

आणखी एक शिकवलं होतं मी तिला. लय निगुतीनं शिकवलं. पाटी पायरीवर ठेवायची. तीन पावलं मागं सरायचं. मान खाली. विचारल्याशिवाय बोलायचं नाही. एवढं पाळलं की घेतील, असं वाटत होतं मला.

तिनं सगळं पाळलं. 'कोरी' ऐकूनही मान वर केली नाही. खाली बघतच हळू विचारलं, "मामा, म्या लिव्हलं व्हतं ना?"

स्वतःच्या हातानं लिहिलेलं, आणि पोर मला विचारत होती, लिहिलं होतं ना. माझी मलाच लाज वाटली. इंग्रजी मीच शिकवलं आणि मान खाली घालायलाही मीच.

मी पायरी चढलो. शिपाई आडवा आला. त्याच्या डोक्यावरून आत बघत म्हणालो, "मास्तर, पाटी द्या. ती पुन्हा लिहील. तुम्ही इथं येऊन वाचा, मग काय धुवायचं ते धुवा."

हेडमास्तर लालबुंद झाले. म्हणाले, "छावणीतलं उष्टं इंग्रजी शिकून माजलात तुम्ही." शिपायानं पाटी अंगणात फेकली, तिचा कोपरा फुटला. दार लागलं.

ठकीनं पाटी उचलली, परकराला पुसली. बंद दारासमोर बसली आणि पाचही वाक्यं पुन्हा लिहून काढली. मला काही विचारलं नाही. मी तपासली. एक चूक नव्हती. वाचायला आतून कोणी आलं नाही.

नाव लागलं नाही. बहिणीनं मला नाही नाही ते सुनावलं. आता तिथं कधीच घेणार नाहीत म्हणाली. असेलही. पोरीची शाळा माझ्या तोंडापायी गेली का, हे अजून मनातून जात नाही. पण तो दिवस पुन्हा आला तर मी पुन्हा पायरी चढेन.

आता माझ्याकडं सात पोरं वाचतात. मान खाली घालायला मी कुणालाच शिकवत नाही. येत्या जूनला सातही जणांना घेऊन तिथंच जाणार आहे. पाटी हातात घट्ट धरून उभी राहतील. हाकललं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊ. तिसऱ्या दिवशीही. हेडमास्तर उठून बाहेर येतील आणि पोरांनी लिहिलेलं आपल्या डोळ्यांनी वाचतील, तोवर एकही पाटी खाली ठेवली जाणार नाही.