मांडी घालून बसलेले काका

सिग्नलला ड्रायव्हिंग स्कूलची गाडी उभी होती आणि तिच्या डाव्या खिडकीला चिकटून माझी स्कूटर. आत पन्नाशीच्या एक बाई स्टिअरिंग घट्ट धरून बसल्या होत्या. शेजारी शिकवणारे काका सीटवर चक्क मांडी घालून बसले होते. शिकवणाऱ्याच्या पायाशी जो जादाचा ब्रेक असतो, त्यावर पाय नव्हताच. बाईंनी एकदा त्या मांडीकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

मीही शिकवतेच. ऑफिसात ज्यांना तोंड उघडता येत नाही त्यांना बोलायला शिकवते; कार्डावर ‘कोच’ असं छापलंय. सुलभाताई चार महिने माझ्याकडे येत होत्या. एकदा धापा टाकत आल्या नि म्हणाल्या, “मॅडम, आज साहेबांना सगळ्यांसमोर नाही म्हटलं.”

मी वहीतून मान वर न करता विचारलं, “आवाज कापला का?”

“कापला थोडा.”

मग तासभर आम्ही त्या कापऱ्या आवाजावरच काम केलं. त्यानंतर त्या आल्या नाहीत. त्यांच्यात चिकाटीच नव्हती, असं मी चारचौघांत सांगत राहिले. वीस वर्षं गप्प बसलेली बाई बोलून आली होती, आणि माझा पाय ब्रेकवरून निघाला नव्हता.

सिग्नल सुटला. बाईंची गाडी गचका खाऊन बंद पडली. काकांनी मांडी सोडली नाही. “करा सुरू, येतंय तुम्हाला,” एवढंच म्हणाले.

आजूबाजूला हॉर्न वाजायला लागले. पहिला माझा होता.