रिकाम्या चढाईच्या टाळ्या

आमच्या कॉलेजच्या कबड्डी संघाला चढाई शिकवायला नवे सर आलेत, म्हणून काल संध्याकाळी आम्ही जुने समर्थक थेट सरावालाच जाऊन बसलो. "नवे सर आले की तुम्हाला पालवी फुटते," कुंपणापलीकडून पानवाला हसला. फुटते. दर हंगामात हरूनही फुटते. त्याला कुणाच्या बापाची परवानगी लागत नाही.

एक चढाईपटू समोरच्यांच्या अंगणात मध्यरेषेलगतच फिरून, कुणालाही न शिवता सुखरूप परतला. आम्ही सवयीने टाळ्या वाजवल्या. सर वळले. "टाळ्या कशाला? रिकामा आलाय तो."

इतकी वर्षं नुसतं धड परतण्यालाच आम्ही पराक्रम म्हणत आलो होतो, आणि तेही काही फक्त कबड्डीत नाही.

पुढचा गडी मात्र सरळ कोपऱ्यातल्या पहिलवानावर झेपावला. पहिलवानाने घोटा धरला. मध्यरेषा वीतभर उरली असताना गड्याची बोटं माती खरवडत राहिली.

"बाद!" पानवाला ओरडला.

आम्ही सगळे उठून उभे राहिलो आणि तळहात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या. यंदाही हरू कदाचित. पण मध्यरेषेवर घुटमळून नाही.