भिंतीचे दोन दशांश

एकतीस वर्षे ते हवामान केंद्रात निरीक्षक होते. रोज सकाळी सात वाजता पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीचे दार उघडायचे, तापमापकाच्या बरोबरीला डोळा आणायचा आणि रात्रीचे किमान तापमान वहीत उतरवायचे, हा नेम त्यांनी तापातही मोडला नव्हता. निवृत्तीला महिना उरला असताना त्यांनी सगळ्या वह्यांच्या सरासऱ्या काढल्या. एकतीस वर्षांत रात्री दीड अंशाने उबदार झाल्या होत्या. हा आपलाच दोष, असे त्यांनी धरले.

कारण एक गोष्ट त्यांनी लपवली होती. बारा वर्षांपूर्वी पेटीपासून सहा पावलांवर गोदामाची भिंत उभी राहिली. दिवसभर तापलेली भिंत रात्री उष्णता सोडते. अशी भिंत वरिष्ठांना कळवणे बंधनकारक होते. पण कळवले तर पेटी हलणार आणि नोंदींची सलग माळ तुटणार, म्हणून ते गप्प बसले. आता त्यांनी स्वतःच कबुलीचे पत्र धाडले.

“पेन्शनीच्या तोंडावर पायावर धोंडा मारून घेणारे तुम्हीच,” बायको म्हणाली. “आणि दोष भिंतीचा नसलाच तर?”

“असलाच पाहिजे.”

“पण नसला तर?”

“रात्री जमीन आपली ऊब वर सोडते. हवेतली वाफ आणि काही वायू तिच्यातली थोडी अडवून खाली परत पाठवतात. ते नसते तर सगळं गोठलं असतं. पण तेच पांघरूण जाड होत गेलं...”

पत्रावरून केंद्रात त्यांच्या मुलीच्या वयाची तपासनीस आली. तिने दुसरी पेटी मोकळ्या मैदानात, भिंतीपासून दूर मांडली. दहा सकाळी दोघांनी दोन्हीकडचे आकडे घेतले. अकराव्या दिवशी तिने वजाबाकी केली.

“काका, दीड अंशात भिंतीचे फक्त दोन दशांश.”

“आणि बाकीचे?”

“ते भिंतीच्या आधीपासून चढतायत. तुमच्याच वह्या सांगतात.”

“तापमापक बिघडला असेल.”

“वितळत्या बर्फात धरून पाहिला. बरोबर शून्य दाखवतो.”

“पुन्हा एकदा पाहाल का?”

तिने पुन्हा पाहिले. शून्यच. जन्मभर चुकीला भिणारा हा माणूस आज चूक सापडावी म्हणून मनोमन हात जोडून उभा होता.

“भिंत न कळवल्याबद्दल ताकीद मिळेल,” ती म्हणाली.

“मिळू दे. इतर केंद्रांचं काय?”

तिने पेनाचे टोपण लावले. “तिथूनही अशीच पत्रं आलीत, काका. कुणी पत्र्याच्या छपराला दोष देतं, कुणी नव्या रस्त्याला. सगळे स्वतःचीच चूक शोधतायत.”

संध्याकाळी बायकोने दारातच विचारले, “काय, ठरलात का गुन्हेगार?”

“दोन दशांशांपुरता,” ते म्हणाले आणि चपला न काढताच उंबऱ्यावर बसले. आकाश निरभ्र होते. दिवे लागून बराच वेळ झाला, तरी पाठीला लागलेली घराची भिंत गरमच होती. गारवा उतरायची वाट पाहत ते तिथेच बसून राहिले.