चार बोटं पाणी

संक्रांत झाली की माझे वडील गच्चीवर पाणी साठवायचे. मुद्दाम. गच्चीचे दोन्ही पाइप जुन्या बनियनच्या बोळ्यांनी बंद करायचे, बोळ्यावर प्लास्टिकची पिशवी, पिशवीवर चिकणमाती थापायची आणि मोटर लावून चार बोटं पाणी भरायचं. दोन दिवस ते तसंच ठेवायचं आणि मग बॅटरी घेऊन खाली एकेका खोलीचं छत तपासायचं. पावसाळ्यात गळल्यावर कळून उपयोग नाही, हिवाळ्यात कळलं तर उन्हाळ्यात मिस्त्री लावता येतो, असं त्यांचं म्हणणं. त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. ते पाटबंधारे खात्यात कालव्यावर चौकीदार होते. जन्मभर पाणी सोडलं आणि अडवलं. निवृत्तीनंतर अडवायला गच्चीच उरली होती.

लोहाऱ्याचं हे घर त्यांनी नोकरीच्या शेवटच्या वर्षांत बांधलं. त्याआधी आम्ही दिग्रसकडच्या एका गावात कवेलूच्या घरात राहायचो. माकडं छपरावरून उड्या मारत जायची, कवेलू फुटायचे, आणि पावसाळ्यात आई गळतं पाणी धरायला उशाशी गंज, म्हणजे मोठं पातेलं, ठेवून झोपायची. नव्या घराचा स्लॅब पडला त्या दिवशी बाबा चारचौघांत आईला म्हणाले, "आता तुह्या डोक्यावर एक थेंब पडू देणार नाही." लोकांसमोर बायकोशी इतकं बोलणारा तो माणूस नव्हता, म्हणून ते सगळ्यांच्या लक्षात राहिलं. पुढे घर गळतं का, असं कोणी सहज विचारलं तरी त्यांना अपमान वाटायचा. तपासणी झाली की "खडखडीत" म्हणून खुर्चीत बसायचे आणि आई चहा आणून द्यायची. मी नागपूरहून सुट्टीत आले की चिडवायची, "बाबा, घर आहे का धरण?" ते काही हसायचे नाहीत.

त्या वर्षी पाणी भरल्याच्या दुसऱ्या दिवशी मी घरी होते. दुपारची जेवणं झाली आणि आभाळ अचानक भरून आलं. आधी पाऊस, मग बोरांएवढ्या गारा, मग त्याहून मोठ्या. अंगणातल्या पपईची पानं फाटून खाली आली. बाबा जिन्याकडे निघाले.

"पाइप बंद आहेत वरते," ते म्हणाले.

आईने त्यांचा दंड धरला. "डोकं फोडून घेता का? थांबा."

गारा थांबल्यावर आम्ही दोघं वर गेलो. गच्ची पांढरी झाली होती. वाऱ्याने सगळ्या गारा एका बाजूच्या कठड्याशी ढकलल्या होत्या, तिथे घोट्याच्या वर थर होता, आणि दोन्ही पाइप नेमके त्याच बाजूला. आधीचं चार बोटं पाणी, त्यात पावसाचं, आणि आता गारा वितळून चढणारं. बाबांनी फावड्याने थर बाजूला सारला आणि कोपरापर्यंत हात घालून बोळा शोधायला लागले. बोळा सापडला, पण निघेना. दांड्याने ठोकून बसवला होता, त्यांचं काम कच्चं कधीच नसे. मी घमेल्याने गारा कठड्याबाहेर फेकत होते. माझी बोटं बधिर झाली. त्यांची तर निळी पडली होती, पण ते हात काढायला तयार नव्हते. मला त्यांचा राग आला. स्वतःच्या हाताने घराला बूच मारायचं आणि मग असं झुंजायचं, हा काय प्रकार आहे असं वाटलं, आणि ते मी बोललेही.

तासाभराने पहिला बोळा निघाला, मग दुसरा. पाणी गडगडत खाली गेलं. बाबा कठड्याला टेकून उभे राहिले.

"चाल, खाली पाहू," ते म्हणाले. आवाजात धाक होता, पण मला नाही, छताला.

खाली आई गडबडीत नव्हती. बैठकीच्या कोपऱ्यात तिने बादली ठेवली होती आणि तीत टपटप पाणी पडत होतं. स्वयंपाकघरात ओट्याच्या टोकाला पातेलं होतं. तिथेही पडत होतं. बाबा दारातच थांबले. आई आमच्याकडे न बघता हातात परात घेऊन झोपायच्या खोलीत गेली. पलंग भिंतीला लागून होता. तिने भिंतीकडची गादी गुंडाळली आणि उघड्या फळीवर परात ठेवली.

बाबांनी बॅटरी वर मारली. छत कोरडं होतं.

"इथं कुठं गळून राह्यलं?"

"गळन आता," आई म्हणाली.

आम्ही तिघं उभे राहिलो. थोड्या वेळाने छत आणि भिंतीच्या सांध्यात एक थेंब जमला, फुगला आणि परातीच्या बरोबर मधोमध पडला.

बाबांनी बॅटरी बंद केली. "तुले कसं माहीत?"

"चार वर्षं झाले. मोठा पाऊस आला का गळते. भेग कठड्यात आहे, बुडापासून वीतभर वर, तुमचं चार बोटं पाणी तिथपर्यंत जातच नाही."

"मले सांगतलं काहून नाही?"

"कसं सांगू? किती खुश होऊन बसता तुम्ही खुर्चीत. डाग पडला का तुम्ही पेन्शनच्या कामाले गेले असले, का मी काठीले फडकं बांधून चुना लावून टाको."

"न् मले कधी दिसलं नाही?"

"तुम्ही घोरत राह्यता."

मला हसू आलं, आणि लगेच हसल्याची लाज वाटली. बाबा पलंगाकडे बघत होते. भिंतीकडची बाजू पूर्वी त्यांची होती. मधे कधीतरी आईने जागा बदलून घेतली होती. तिने तेव्हा सांगितलेलं कारण मलाही ठाऊक होतं.

"तुले पंख्याचा वारा लागते म्हणून तू इकडं आली होती ना?" त्यांनी विचारलं.

"पंख्याचं काय," आई परात सरळ करत म्हणाली. "थेंब तुमच्या तोंडावर पडे. जागे झाले असते तुम्ही."