वेशीवरचा सिंह

सामान वाहणाऱ्या एका गृहस्थांचे सारे आयुष्य शहराच्या जुन्या वेशीखालून ये-जा करण्यात गेले. कपाटे, पलंग, एकदा तर पियानोसुद्धा त्यांच्या पाठीवरून त्या उंच दगडी खांबांमधून गेला. पाठीवर ओझे आणि मान खाली. त्यामुळे खांबांचे तळ त्यांना तोंडपाठ होते, वेशीचा माथा मात्र त्यांनी कधी पाहिलाच नव्हता.

त्यांच्या पत्नीस हे ठाऊक नव्हते, आणि घर लांब असल्याने बाईंचे स्वतःचे वेशीकडे कधी जाणे झाले नव्हते. लग्न नवे असताना बाईंनी कौतुकाने विचारले होते, "वेशीवर काय आहे हो?"

नव्या नवऱ्याला "माहीत नाही" असे म्हणवेना. "सिंह!" त्यांनी ठोकून दिले.

बाई शिवणकामात तरबेज. त्यांनी तो सिंह उशीच्या अभ्र्यावर भरला आणि अभ्रा विरला की नव्यावर पुन्हा भरला. त्या सिंहावर डोके ठेवून गृहस्थ म्हातारे झाले.

काम सुटल्यावर एके सकाळी बाईंनी फर्मान काढले, "आज मला तुमचा सिंह दाखवायचा."

"गुडघे दुखतात ना तुझे?"

"गुडघे माझे आहेत. त्यांचं काय करायचं ते मी बघते."

वाटभर गृहस्थांचा जीव टांगणीला लागला होता. उभ्या संसारात बाईंनी त्यांच्या शब्दावर शंका घेतली नव्हती. आज एका सिंहापायी ती पत जाणार होती.

वेशीसमोर त्यांनी वर पाहण्याचा प्रयत्न केला, परंतु ओझ्यांनी आखडलेली मान काही वर होईना. अखेर ते सरळ फरशीवर उताणे झाले. पहारेकरी धावत आला.

"आजोबा, चक्कर आली का?"

"नाही रे बाबा. वेस बघतोय."

वर सिंह नव्हता. चार दगडी घोडे रथ ओढत होते आणि रथात लगाम धरून एक स्त्री ताठ उभी होती.

गृहस्थांनी डोळे मिटून घेतले. "मी कधी वर बघितलंच नव्हतं गं. सिंह मी मनानेच चढवला."

बाई कमरेवर हात ठेवून बराच वेळ वर पाहत राहिल्या. मग खुदकन हसल्या.

"बाई हाकतेय आणि बाकीचे निमूट ओढतायत. सिंहापेक्षा हे बरं आहे."

"मग अभ्र्यावरचा सिंह उसवणार?"

"कशाला? तो तुमचा. माझ्या अभ्र्यावर आता ही बाई. उठा, नाहीतर लोक पैसे टाकतील."

"थांब जरा," डोळे उघडून गृहस्थ म्हणाले, "अजून दोन घोडे बघायचे राहिलेत."