घोड्याच्या घरातलं प्यादं

बुद्धिबळाच्या खेळाडूवर मी लिहावं, एवढं मला खरं तर येत नाही. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. खेळ वडिलांनी शिकवला, दुकानातल्या फळीवर, आणि मी फक्त त्यांच्याशीच खेळलो.

सिंगापूरला शिकायला आल्यावर टॅम्पिनीसमधल्या एका पुणेकर कुटुंबाच्या मुलीला मी शनिवारी बुद्धिबळ शिकवायचो. बदल्यात काकू जेवायला घालायच्या. मुलगी मला दादा म्हणायची.

शाळेच्या स्पर्धेत तिचं प्यादं घोड्याच्या उभ्या पट्टीतून शेवटच्या घरात पोचलं. तिने त्याचा घोडा केला आणि हातातला डाव घालवला. वडिलांच्या नियमात प्यादं ज्या मोहऱ्याच्या घरात पोचतं, तोच मोहरा होतं. कुठेही वजीर मागता येतो, हे मलाच ठाऊक नव्हतं.

काकू रागावल्या नाहीत. "जेवायला येत जा रे," म्हणाल्या, "पण शिकवायला दुसरं कुणीतरी बघते."

तो दुसरा माझ्याच विद्यापीठातला, एस्टोनियाचा. लहानपणी तो त्याच्या देशाचा कुमार विजेता होता. ग्रँडमास्टर व्हायला त्याला एकच चांगली स्पर्धा हवी होती आणि ती दरवेळी हुकत होती. लायब्ररीत बसून मी त्याचे जुने डाव पाहिले. हरलेले आधी.

मुलगी त्याला पहिल्याच दिवसापासून सर म्हणू लागली. मी वर्षभर दादाच.

"दादा, सरांच्या भाषेत वजिराला झेंडा म्हणतात. सो क्यूट, लाह." 'लाह' हे तिचं सिंगापुरी शेपूट, मराठीलाही लागायचं.

"मग राजाला काय, खांब म्हणतात?"

ती हसली नाही. तो काकूंची साबुदाण्याची खिचडी मिरचीसकट दोनदा घेऊन खायचा. "किती साधा मुलगा आहे बघ," असं काकू मला वाढता वाढता सांगायच्या. मी मिरच्या बाजूला काढत बसायचो.

सुट्टीत तो युरोपात स्पर्धेला गेला. "याही वेळी हुकेल," मी जेवताना म्हणालो. मुलीने फक्त माझ्याकडे पाहिलं. निकाल बघायचा नाही असं ठरवून मी आठवडाभर फोनवर तेवढंच टाळत होतो.

रॅफल्स प्लेस स्टेशनला एमआरटीतून, म्हणजे इथल्या मेट्रोतून, उतरताना तिचा आवाजी मेसेज आला.

"दादा, सर ग्रँडमास्टर झाले. शेवटच्या डावात प्यादं पोचलं, तर त्यांनी झेंडा नाही घेतला. घोडा घेतला, आणि जिंकले. सेम अ‍ॅज अस, लाह."